सहज विचारलं

चौकशी एकवचनात असते तोवर ती सरकारी असते. अनेकवचनात गेली की शेजारची होते. एखाद्या अधिकाऱ्यामागे चौकशी लागली तर आधी त्याची झोप उडते, मग आयोग नेमला जातो, आयोगाला मुदतवाढ मिळते, आणि अहवाल येईपर्यंत अधिकारी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेला असतो. चौकशांना मुदतवाढ लागत नाही. त्यांचा अहवाल त्याच संध्याकाळी सादर होतो, आणि तोही सगळ्या मजल्यांवर. रेल्वे स्टेशनात 'चौकशी' अशी पाटी लावलेली एक खिडकी असते. चौकशी करायची अधिकृत जागा म्हणावी तर तीच. पण त्या खिडकीत बसलेल्या माणसाइतका जगाबद्दल निरिच्छ माणूस हिमालयातही सापडायचा नाही. गाडी कुठल्या फलाटावर लागणार असं विचारलं तर तो मान वर न करता बोटाने वर लटकणारा फळा दाखवतो. त्याच्या जागी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बसवा. फलाट तर त्या सांगतीलच, शिवाय 'एकट्याच निघालात? मिस्टर नाही आले?' हेही विचारतील, आणि गाडी सुटेपर्यंत तुमच्या सासरचा नकाशा त्यांच्याकडे जमा झालेला असेल.

'चौकस' हा शब्द तर माणसाच्या वयाबरोबर घसरत जातो. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'चौकस आहे' असा शेरा मारला की घरात पेढे येतात. तीच मुलगी पंचेचाळिशीत तेवढीच चौकस राहिली, तर तिला येताना पाहून लोक लिफ्टचं बटण दाबतात. आभाळ निळं का, असं विचारणारं मूल चौकस. समोरच्यांनी पडदे निळेच का घेतले, असं विचारणारी बाई भोचक. प्रश्नाचा साचा तोच. फरक एवढाच, की आभाळ कोणाकडे तक्रार करत नाही.

मोल्सवर्थसाहेबाचा मराठी कोश १८३१ साली छापून निघाला. त्याच्या हाताखालच्या पंडितांनी त्यासाठी शब्द गोळा केले होते. शब्द गोळा करायचे म्हणजे लोक काय बोलतात ते कान देऊन ऐकायचं, पुन्हा पुन्हा विचारायचं, घरी जाऊन लिहून काढायचं. कोशकार हा थोडक्यात पगारी भोचक. पुढे दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ एवढ्या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. एवढे खंड भरावेत अशी जी शब्दांची श्रीमंती आपल्याकडे आहे, तिच्यातला बराच ऐवज दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांवर खर्च झालेला आहे, असा माझा संशय आहे.

कारण आपल्याकडे या मंडळींना एका शब्दात गुंडाळून चालत नाही, त्यांची खाती वेगळी आहेत. भोचक माणूस विचारतो. चोंबडा माणूस न विचारता सांगतो: दोघांचं बोलणं चाललेलं असताना 'छे छे, ते पाच तारखेला आले, मी बघितलं ना' म्हणत मध्ये पडतो तो चोंबडा. आगाऊ हा त्याचा धाकटा भाऊ, अजून मिसरूड फुटायचं असलेला. लुडबुड्याचं सगळं काम हाताने चालतं. तो तुमच्या फोडणीत मोहरी टाकून जातो. उठाठेव हा मात्र या सगळ्यांत रेखीव शब्द. उचलायचं आणि ठेवायचं: दुसऱ्याच्या आयुष्यातली वस्तू उचलून, उलटसुलट करून, भलत्याच फडताळात ठेवून द्यायची. उठाठेव कायम 'नसती' असते. पंचायतही नसती, चौकशाही नसत्या. असती उठाठेव कोणी केल्याचं ऐकिवात नाही. पंचायतीला १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घटनेत मानाचं पान दिलं, पण जिन्यातल्या पंचायतीला घटना काय करणार? तिथे पाच जण जमायचीही अट नाही. दोघींत कोरम पूर्ण होतो.

मग कळलाव्या. कळलावी नावाची एक वेल आहे, पावसाळ्यात रानात तांबडी-पिवळी, ज्वाळेसारखी फुलते. तिचा कंद विषारी. जुन्या काळी बाळंतकळा याव्यात म्हणून तो वापरत, त्यावरून ते नाव. माणसातला कळलाव्याही तेच करतो, फक्त प्रसूती भांडणाची होते. या जमातीचा मूळपुरुष म्हणजे नारद. त्याला आपण उगाच नावं ठेवतो. किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं, त्यात सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरल्याची बातमी अर्जुनाला नारदच देतो. नारदाने 'आपल्याला काय करायचंय' म्हणून वीणा उचलून वाट धरली असती, तर अर्जुन तीर्थयात्रा पुरी करून घरी गेला असता आणि मराठी माणूस एका चांगल्या नाटकाला मुकला असता. नाटककाराला भोचक पात्र लागतंच. बाकीची पात्रं आपापल्या घरी बसून असतात. ह्याचं त्याला कळवायला कोणीतरी फिरतं हवं.

या शब्दांत एक लबाडी आहे, तिचा मला राग येतो. भोचकभवानी आहे, भोचकभैरव नाही. बायका जमल्या की कुचाळक्या. पुरुष पारावर किंवा चहाच्या टपरीवर जमून कोणाच्या पोराने कोणाची पोरगी पळवली याचा तासभर काथ्याकूट करतात, ती चर्चा. बाई चौकशा करते, पुरुष माहिती काढतो. आणि ज्याला गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतंय ते ठाऊक, त्या पुरुषाचा 'जनसंपर्क दांडगा' असतो. त्याला तिकीटही मिळतं.

या सगळ्यांचं काम चालतं ते पाच इंद्रियांवर, आणि इंद्रियनिहाय क्रियापदं तयार आहेत. कानाने कानोसा घ्यायचा, नाक खुपसायचं, डोळा ठेवायचा. कुणकुण लागते, सुगावा लागतो, उडत उडत कानावर येतं. एवढं सगळं गोळा झाल्यावर तोंडात तीळ भिजत नाही. हाताचंही काम आहे: खडा टाकून पाहणे. हे मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात कौशल्य लागतं. 'मुलगी परदेशी गेली का हो?' असं थेट विचारणारा अडाणी. जाणकार म्हणतो, 'आता काय, तुम्हाला दोघांनाच घर मोठं वाटत असेल,' आणि पाण्यात तरंग उठायची वाट बघत बसतो.

पण एवढ्या शब्दसंभारात प्रथमपुरुष कुठेच नाही. 'मी जरा भोचक आहे' असं मराठीत अजून कोणी म्हटलेलं नाही. 'आम्ही मूळचे चोंबडे' असं कोणी लग्नाच्या बैठकीत सांगत नाही. हे सगळे शब्द दुसऱ्याला लावायचे. स्वतःसाठी मराठी माणसाने फक्त एक शब्द राखून ठेवला आहे: सहज. 'नाही, सहज विचारलं.' 'सहज आपलं, म्हटलं बघावं.' यातला 'आपलं' फार महत्त्वाचा. तो कशाला आहे हे व्याकरणकारांनी सांगावं, पण तो आला की प्रश्नाची नखं आत जातात. 'म्हटलं' हाही तसाच. 'म्हटलं, बरं आहे ना सगळं?' यात म्हणणारा कोणाला म्हणाला होता? स्वतःलाच. म्हणजे प्रश्न आधी स्वतःला विचारून झालेला आहे, तिथे उत्तर मिळालं नाही, म्हणून नाइलाजाने तुमच्या दारात आणला. आणि ज्या वाक्याची सुरुवात 'राग मानू नका हं, पण' अशी होते, त्याच्या शेवटी तुमचा पगार, वय किंवा वजन असतं.

'सहज'ची ताकद बघायची असेल तर एसटीत बसावं. मी मागे स्वारगेटहून कोल्हापूरला निघाले होते. शेजारी कराडकडची एक मावशी, मांडीवर पिशवी, पिशवीतून कढीलिंबाचं टोक बाहेर. कात्रज ओलांडलं तसं तिने विचारलं, "ताई, कुठवर?"

या पहिल्या प्रश्नाला कधीही हरकत घेता येत नाही. खिडकीची जागा केव्हा मोकळी होणार, हे विचारायचा सहप्रवाशाला हक्क आहे. मी कोल्हापूर म्हटलं.

"म्हायेर का सासर?"

"काम आहे."

"म्हंजे नोकरी." मावशीने निकाल लावला. खेड-शिवापूरला आडनाव झालं, शिरवळला मुलं किती ते झालं. खंबाटकी घाटात गाडी चढणीला लागली आणि शेजारून आवाज आला, "हातात किती पडत्यात?"

पगार किती, असं आपल्याकडे कोणी विचारत नाही. पगार म्हणजे कागदावरचा आकडा, त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? हातात किती पडतात, हा खरा प्रश्न. त्यात फंड गेला, कर गेला, सोसायटीचा हप्ता गेला, सगळी कापाकापी विचारणाऱ्याला मंजूर आहे. त्याला उरलेलं सांगा. हिशेबाची एवढी जाण असलेला प्रश्न आयकर खात्यालाही सुचलेला नाही. शिवाय घरात मुलगी द्यायची असेल तर त्याला जोडून दबक्या आवाजात एक उपप्रश्न असतो, 'आणि वरचे?'

मी आकडा पुटपुटले. मावशीने तो मनात धरून साताऱ्यापर्यंत गप्प बसून कशाशी तरी ताडून पाहिला आणि म्हणाली, "मग बरं हाय की."

मी मात्र तिला काही विचारलं नाही. तिला दोन मुलगे, थोरला कोयनेला लाइटीच्या हापिसात, सून पाटणची, सुनेचं आणि हिचं पटत नाही, धाकट्याचं लग्न जमत नाही, हे सगळं तिने आपणहून सांगितलं. धाकट्याचं का जमत नाही, एवढंच मी विचारलं. तेही सहज.

मावशीचे प्रश्न निदान समोरून येतात. आडून येणाऱ्यांचा एक प्रकार आहे, त्याला आपण भोचकपणा म्हणतच नाही, 'ओळख काढणे' म्हणतो. आडनाव सांगितलं की समोरचा किंचित थांबतो. देशपांडे? म्हणजे कुठले देशपांडे? या 'कुठले' मध्ये भूगोल फारसा नसतो. तुम्ही निरागसपणे 'नाशिकचे' म्हणता. मग मूळ गाव येतं. मूळ गावाने काम झालं नाही तर कुलदैवत येतं. मंगेशी म्हणालात, शांतादुर्गा म्हणालात, की चेहरा उजळतो किंवा नेमका तेवढाच मावळतो. जेजुरी म्हणालात तर अजून दोन प्रश्न लागतात, कारण खंडोबाने सगळ्यांनाच पदरात घेतलेलं आहे. चिकाटीने हे चाललेलं असतं आणि त्यात 'जात' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. शेवटी फार तर 'म्हणजे आपल्यातलेच' एवढं येतं. घर भाड्याने बघायला गेलेल्या माणसाला विचारा. डिपॉझिटच्या आकड्याआधी त्याची ही ओळख काढून झालेली असते, आणि ओळख पटली नाही की 'घर परवाच गेलं हो' असं कळतं.

हे करणारेच दुसऱ्याच्या प्रश्नांना सर्रास 'चांभारचौकशा' म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही. चपलेचा अंगठा शिवून देणारा माणूस मान खाली घालून आरी चालवत असतो. विचारतो ते एवढंच, की दोरा काळा घालू की तपकिरी. आयुष्यभर सोफ्यावर बसून लोकांचं कुलदैवत काढणाऱ्यांनी आपला अवगुण त्याच्या नावावर चढवून ठेवला आहे, आणि सातबाऱ्यावरची अशी नोंद दुरुस्त करून द्यायला तलाठीही नाही.

नवविवाहितांचं खातं निराळं. कोल्हापूर-सांगलीकडे कोणीही कोणालाही भेटला की 'काय विशेष?' म्हणतो, त्याला 'काही नाही, तुमचं?' एवढं उत्तर पुरतं. हाच प्रश्न लग्नाला सहा महिने झालेल्या मुलीला विचारला की विशेषाचा अर्थ एकदम वैद्यकीय होतो, आणि विचारणारीची नजर उत्तराआधी पोटाकडे जाते. लग्नाआधी लाडू कधी, मग पाळणा कधी, मग दुसरं कधी. तिसरं कधी असं कोणी विचारत नाही, ते झालं तर 'अगंबाई' म्हणतात.

पूर्वी यातलं बरंचसं विचारावंच लागत नसे. मुंबईत १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची, मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, आणि संडास सामायिक. एवढ्या जागेत गुपित ठेवायचं कुठे? माळ्यावर पितळेची भांडी होती. दार दिवसा उघडंच असायचं, म्हणून बंद दार हीच बातमी: आजारपण, भांडण किंवा गावाहून आलेलं नवं जोडपं. कोणाकडे सुकट भाजली, कोणाकडे सकाळी चुलीला उशीर झाला, हे वासाने कळे. भोचकपणाला तिथे वावच नव्हता. जे आपोआप दिसतं त्यासाठी डोकावणार कुठे? आता त्याच जागी टॉवर उभे राहत आहेत, ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, संडास घरात, दार कायम बंद. भोचक माणसाला खरे बरे दिवस बंद दाराने आणले. कष्टाशिवाय कलेला किंमत येत नाही.

आमची सोसायटी अशीच बंद दारांची. प्रत्येक दाराला आतून बाहेर बघायचं भिंग बसवलेलं आहे. ते बेल वाजवणारा कोण हे बघायला असतं असा माझा बरीच वर्षं समज होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या भिंगातून लिफ्ट, जिन्याचं वळण आणि समोरच्या दोन्ही फ्लॅटचे चपलांचे स्टँड एवढा मुलूख दिसतो. त्यांना बेल वाजायची गरजच पडत नाही. खाली फाटकावर वॉचमनची वही आहे: नाव, फोन, फ्लॅट नंबर, येण्याचे कारण, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. कारणाच्या रकान्यात लोक 'पर्सनल' लिहितात आणि तिथेच फसतात. तळमजल्यावरचे आजोबा रोज सकाळी पेपरानंतर ती वही वाचतात. पेपरात काही नसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

परवा माझं पार्सल काकूंकडे ठेवून माणूस गेला. घ्यायला गेले तर काकू खोकं हातात घेऊन दारातच उभ्या.

"मिक्सर का गं?" खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"हो काकू."

"वाटलंच. पण हलका वाटतो. आणि जुना काय झाला? पाडव्यालाच घेतलेला ना?"

"बिघडला."

"बिघडला का बिघडवला? तुझ्याकडची ती नवीन बाई ओला हात लावते बटणाला. मी आपलं सहज सांगते हो. कितीला पडला?"

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत वाकनीस नावाचं पद होतं. राज्याभिषेकाच्या वेळी दत्ताजी त्रिंबक त्या जागी होते. महाराजांकडे कोण आलं, कोण गेलं, जेवणखाण, निमंत्रणं, रोजची हकिकत, सगळं टिपून ठेवायचं हे त्यांचं काम. त्याला मंत्रिपद होतं. काकू तेच काम तीन विंगांसाठी करतात आणि त्यांना मानधन तर सोडाच, सोसायटीच्या वार्षिक सभेत साधे आभारही मिळत नाहीत.

खासगी म्हणजे काय, हेही आपल्याला उशिराच कळलं. होळकरांच्या दौलतीत खासगी नावाचं वेगळं खातं असे. ती राणीकडची जहागीर, तिचं उत्पन्न निराळं, हिशेब निराळा. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांचा नि देवळांचा खर्च त्यातून झाला. म्हणजे खासगी असायला आधी दौलत लागत असे, रयतेचं सगळं चव्हाट्यावरच. मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निकाल दिला, की खासगीपण हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. खटला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी लावला होता. काकूंनी ही बातमी पूर्ण वाचली. त्यांना निकाल पसंत पडला. पुट्टस्वामी कुठले, रिटायर होऊन किती वर्षं झाली आणि मुलं काय करतात, एवढंच पेपरवाल्यांनी द्यायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या.

काकूंसमोर सरकारनेही हात टेकले आहेत. २०११च्या जनगणनेच्या वेळी घरयादीचे पस्तीस प्रश्न घेऊन एक शिक्षिका आमच्या मजल्यावर आली. भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, पिण्याचं पाणी कुठलं, घरात सायकल आहे का. हे सगळं सरकारी अधिकाराने विचारायची मुभा असलेली बाई बघून काकूंच्या डोळ्यांत मला चक्क हेवा दिसला. त्यांनी तिला आत बसवलं, सरबत दिलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिची शाळा अनुदानित, नोकरी अजून कायम नाही, नवऱ्याची बदली जालन्याला, सासूबाई तिच्याकडे आणि जाऊ नामानिराळी, एवढी माहिती काकूंकडे होती. तिच्या फॉर्मातला सायकलचा रकाना कोराच राहिला. जनगणनेत गोळा झालेली माहिती गुप्त ठेवायची असं १९४८चा कायदा म्हणतो. त्या बाईंनी तो पाळला असणार. काकूंना तो लागू नव्हता.

आता कोणी म्हणेल, अशा माणसांचा आधार असतो. ते मला मान्य आहे, पण त्याचं व्याज किती घ्यायचं? प्रत्येक भोचक माणसाच्या पदरी पुण्याचा एक किस्सा असतो. तळमजल्यावरच्या आजोबांच्या दाराला एकदा नऊ वाजेपर्यंत दुधाची पिशवी लटकलेली काकूंना दिसली. त्यांनी बेल वाजवली, उत्तर नाही म्हणून किल्ली आणवली, आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडलेले होते. काकूंमुळे ते वेळेवर दवाखान्यात पोचले, यात शंका नाही. पण तेव्हापासून त्या एका पिशवीच्या जोरावर त्यांनी तीन विंगांतल्या सगळ्या पिशव्या तपासल्या आहेत. कोणी कुरकुरलं की 'आजोबांच्या वेळी काय झालं होतं?' म्हणतात. आजोबांची तर सुटका झाली तेवढीच. कंबर बरी झाल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं, तर दवाखान्यात असतानाच्या दिवसांची वही मागवून घेतली.

गेल्या वर्षी काकू लेकीकडे न्यू जर्सीला गेल्या. व्हिसाच्या नियमाप्रमाणे सहा महिने. आमच्या जिन्यात इतकी शांतता झाली की लोक एकमेकांना घरी बोलावून स्वतःबद्दल सांगू लागले. आल्या त्या सुकलेल्या तोंडाने. "अगं, तिकडे कोणी कोणाला काही विचारत नाही. लेकीला शेजारी कोण राहतात ते माहीत नाही. मी म्हटलं, अगं, रात्री-अपरात्री काही लागलं तर? तर म्हणते, आई, फोन करायचा, पोलीस येतात. आता पोलिसांना काय म्हणून सांगायचं, की विरजण संपलंय?"

"मग वेळ कसा गेला काकू?"

"जातोय कसला. शेवटी मीच गेले शेजारी. खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले. त्यांना इंग्रजी येत नाही, मला येत नाही, त्यामुळे छान जमलं. ग्वाटेमालाची माणसं आहेत. तीन मुलं, मधली हुशार. आजी गावाकडे असते, तिचे गुडघे गेलेत. जावई नीट वागत नाही, पण ते त्यांनी सांगितलं नाही, मीच ओळखलं." एवढं बोलून त्या जरा थांबल्या. "हातात किती पडतात ते मात्र शेवटपर्यंत लागलं नाही बघ. तिकडे पगार पंधरवड्याला होतो म्हणे, त्यातून कर देशाचा वेगळा आणि राज्याचा वेगळा. लेकीला म्हटलं, तू विचारून ठेव. सहज."